माती गेली कुठे? वसमतच्या शिवारातील खड्डा आणि कार्स्ट भूमी

वसमत तालुक्यातील एका शिक्षकांनी सविस्तर प्रश्न पाठवला आहे. त्याचा सारांश असा: गेल्या पावसाळ्यात त्यांच्या भावाच्या शेतात एका रात्रीत खड्डा पडला. तोंड पाच फुटांचे, खोली सुमारे बारा फूट, आणि आत डोकावले तर पोट तोंडापेक्षा रुंद. खड्ड्याच्या भिंतीत पांढऱ्या खड्यांचा थर दिसला. त्यावर शाळेच्या प्रयोगशाळेतील विरल आम्ल टाकले तेव्हा ते फसफसले, म्हणजे तो चुना आहे. शिवाय त्या भागात अधूनमधून जमिनीतून गूढ आवाज येतात. गावात चर्चा अशी की जमीन खालून पोकळ झाली आहे आणि परदेशातील व्हिडिओंमध्ये घरे गिळणारे खड्डे दिसतात तसे इथेही होणार. गुरुजींचे विचारणे असे की हे खड्डे मुळात कसे तयार होतात, काळानुसार कसे वाढतात, आणि आपली जमीन त्या जातीची आहे का.

गुरुजी, मी तीस वर्षे भूजलाच्या कामात मराठवाड्यातील विहिरी, बोअर आणि नाले पाहत आलो आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आपली जमीन कार्स्ट जातीची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या खडकाची, नाही आणि आपल्या गावाखाली तशी पोकळी नाही. परंतु खड्डा खरा आहे, धोक्याचाही आहे, आणि तो का पडला हे शोधता येते. त्यासाठी एकच प्रश्न धरून ठेवावा लागतो: खड्ड्यातली माती गेली कुठे? कार्स्ट भूमीत या प्रश्नाचे उत्तर निसर्गाने लाखो वर्षांपासून तयार ठेवलेले असते. आपल्याकडे ते वेगळ्या ठिकाणी शोधावे लागते.

कार्स्ट हे नाव स्लोव्हेनिया आणि इटली यांच्या सीमेवरील क्रास नावाच्या पठारावरून आले. योव्हान त्स्वीयिच या सर्बियन भूगोलतज्ज्ञाने 1893 मध्ये या भूरूपांचा पहिला पद्धतशीर अभ्यास मांडला आणि तेव्हापासून जगभरातील अशा प्रदेशांना तेच नाव रूढ झाले. या प्रदेशांचा पाया असतो पाण्यात विरघळणाऱ्या खडकाचा, म्हणजे बहुतेक ठिकाणी चुनखडकाचा. शुद्ध पाण्यात चुनखडक फारच थोडा विरघळतो, लिटरमागे जेमतेम 14 मिलिग्रॅम. पण पाऊस शुद्ध पाणी नसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो थोडासा आम्लधर्मी झालेला असतो, आणि मातीतून झिरपताना तर त्याची ताकद अनेक पटींनी वाढते. मुळांच्या श्वसनामुळे आणि कुजणाऱ्या पालापाचोळ्यामुळे मातीतील हवेत हा वायू बाहेरच्या हवेपेक्षा दहापट ते शंभरपट असतो. या पाण्यातले कार्बोनिक आम्ल चुनखडकाला, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटला, विरघळणाऱ्या कॅल्शियम बायकार्बोनेटमध्ये बदलते आणि लिटरमागे 200 ते 400 मिलिग्रॅम खडक पाण्यासोबत निघून जातो.

हा आकडा किरकोळ वाटतो, म्हणून तो शेतीच्या हिशेबात मांडून पाहू. एखाद्या चुनखडकाच्या प्रदेशात वर्षाला 500 मिलिमीटर पाणी जमिनीत मुरते आणि प्रत्येक लिटर 200 मिलिग्रॅम खडक घेऊन जातो असे धरले, तर एकरी दरवर्षी सुमारे चार क्विंटल खडक निघून जातो. मजुराशिवाय, यंत्राशिवाय, गढूळपणाशिवाय, कारण विरघळलेला चुना घेऊन निघालेले झऱ्याचे पाणी दिसायला काचेसारखे स्वच्छ असते. सगळ्या एकरभर हा ऱ्हास सारखा पसरला तर हजार वर्षांत जमीन चार सेंटिमीटरही खाली जात नाही. पण तो सारखा पसरत नाही, आणि कार्स्टची सगळी गोष्ट या असमानतेतच आहे.

चुनखडकात थरांच्या सांध्यांमध्ये आणि भेगांमध्ये केसाइतक्या फटी असतात. पाणी त्यांतून जाऊ लागते तेव्हा त्याची विरघळवण्याची बहुतेक ताकद सुरुवातीच्या थोड्या अंतरातच संपते. तसेच होत राहिले असते तर फटीचे तोंड तेवढे रुंद झाले असते आणि आतला भाग कायम अरुंद राहिला असता. गुहा कधीच झाल्या नसत्या. परंतु पाणी संपृक्ततेच्या जवळ आले, म्हणजे त्यात आणखी चुना मावेनासा झाला, की विरघळण्याचा वेग एकदम मंदावतो आणि ती उरलीसुरली ताकद पाणी फार लांबपर्यंत पुरवून वापरते. त्यामुळे फट आतपर्यंत, अगदी हळूहळू, रुंदावत राहते. काही हजार ते काही लाख वर्षांनी अशी वेळ येते की पाणी फटीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचतानाही त्याच्यात ताकद शिल्लक असते. तिथून पुढे चित्र पालटते. रुंद फटीतून जास्त पाणी जाते, जास्त पाणी तिला आणखी रुंद करते, आणि शेजारच्या शंभर फटींचे पाणी तीच एक ओढून घेते. नांगरटीच्या रानात एखादा पाट फुटला की सगळ्या सऱ्यांचे पाणी त्या फुटीकडे धावते, तसेच हे. बोगदा तयार होतो, नदी जमिनीखाली जाते आणि वरच्या दऱ्या कोरड्या पडतात.

सुरुवातीला हे बोगदे पाण्याने पूर्ण भरलेले असतात आणि पाणी सर्व बाजूंनी खडक खात असल्याने त्यांचा छेद गोलसर होतो. बाहेरची मुख्य नदी आपले पात्र खोल करत गेली की भूजलपातळी उतरते, वरचे बोगदे रिकामे होतात आणि पाणी खाली नवा मजला कोरू लागते. मोठ्या गुहांमध्ये एकाखाली एक असे मजले सापडतात ते यामुळे. रिकाम्या झालेल्या मजल्यांत उलटी क्रिया सुरू होते. छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातला वायू गुहेच्या हवेत निसटतो आणि विरघळलेला चुना पुन्हा घट्ट होऊन बसतो. छताला लोंबणारे आणि जमिनीवरून उठणारे लवणस्तंभ असे वाढतात. मेघालयातील मॉम्लू गुहेतील अशाच एका स्तंभाच्या थरांत 4200 वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळी काळाची नोंद सापडली आणि 2018 मध्ये भूशास्त्रीय कालगणनेतील सध्याच्या कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव मिळाले. आपल्या भागातल्या बोअरच्या पाण्याने हीटरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर हाही याच क्रियेचा घरगुती नमुना आहे, फक्त तिथे वायू बाहेर घालवण्याचे काम उष्णता करते.

आता खड्ड्यांकडे येतो. विलयन विवर किंवा सिंकहोल या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या घटना येतात आणि व्हिडिओंमुळे त्यांची फार गल्लत होते. पहिल्या प्रकारात खडकाचा पृष्ठभागच जागोजागी जास्त विरघळतो आणि बशीसारखा खोलगट भाग तयार होतो. त्यात पाणी जमते, ते पाणी तिथलाच खडक आणखी विरघळवते, आणि बशीची वाटी होते. याला हजारो वर्षे लागतात आणि कोणी दचकत नाही. दुसऱ्या प्रकारात गुहेचे छत झिजून पातळ होते आणि कोसळते. हे नाट्यमय असते, पण एका माणसाच्या आयुष्यात क्वचितच पाहायला मिळते. चीनमधील चोंगचिंगजवळचे शियाओझाय विवर सुमारे 660 मीटर खोल आहे. ते जमिनीखालच्या नदीने छताचा पडलेला खडक सतत वाहून नेल्याशिवाय शक्यच नव्हते.

तिसरा प्रकार माणसांना खरा त्रास देतो. चुनखडकावर मातीचा जाड थर असतो आणि त्याखाली खडकात एक उघडी फट असते. प्रत्येक पावसात त्या फटीतून थोडी माती खाली निसटते. मातीत अंगचा चिकटपणा असल्याने वरचा भाग लगेच पडत नाही, कमान धरून राहतो, आणि पोकळी मातीच्या आत वर वर सरकत जाते. तिचा आकार धान्य साठवायच्या आपल्या जुन्या पेवासारखा होतो: पोट रुंद आणि वर निमुळते. शेवटी फूट-दोन फुटांचे छप्पर उरते आणि एका मुसळधार रात्री तेही बसते. म्हणजे खड्डा रात्रीत दिसतो, पण तो तयार होण्याचे काम कित्येक वर्षे चाललेले असते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात विंटर पार्क येथे मे 1981 मध्ये पडलेला शंभर मीटरहून रुंद खड्डा याच कुळातला होता.

इथे माणसाचा हात कसा लागतो, हे पाणी उपसणाऱ्या आपल्यासारख्या प्रदेशाने नीट समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. पाण्याने भरलेली पोकळी वरच्या मातीला काही प्रमाणात उचलून धरते. उपसा झाला की तो आधार जातो आणि मातीचे वजन वाढल्यासारखे होते. जानेवारी 2010 मध्ये फ्लोरिडातील प्लांट सिटीच्या परिसरात कडाक्याच्या थंडीपासून स्ट्रॉबेरी वाचवण्यासाठी शेतकऱ्यांनी सलग अकरा दिवस रात्ररात्र तुषार सिंचन चालवले. पाणीपातळी झपाट्याने उतरली आणि सुमारे 140 खड्डे पडले. दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणी कोरड्या ठेवण्यासाठी चुनखडकासारख्याच डोलोमाइट खडकातील पाणी उपसले गेले आणि डिसेंबर 1962 मध्ये वेस्ट ड्रीफोंटेन खाणीवरील एक संपूर्ण इमारत 29 माणसांसह जमिनीत गेली. तुर्कस्तानातील कोन्याचे मैदान तर कमी पावसाचे आणि विहिरींवर चालणारे, बीटासारखी पाणी पिणारी पिके घेणारे. तिथे शेतांत शेकडो खड्डे पडले आहेत. वर्णन ओळखीचे वाटले तरी तिथल्या मातीखाली चुनखडक आहे, हा फरक विसरू नये.

मीठ आणि जिप्सम यांचे खडक असतील तर हेच सगळे कितीतरी वेगाने घडते, कारण जिप्सम लिटरमागे सुमारे अडीच ग्रॅम आणि मीठ साडेतीनशे ग्रॅमच्या घरात विरघळते. मृत समुद्राची पातळी वर्षाला सुमारे एक मीटर उतरत आहे, किनाऱ्याखालच्या मिठाच्या थरात गोडे पाणी शिरत आहे आणि तिथे काही दशकांतच हजारो खड्डे पडले.

चुनखडकाच्या प्रदेशात मात्र काळ मोठा लागतो. एकेकटी विवरे वाढत जाऊन एकमेकांना भिडतात, त्यांचा मोठा दरीवजा खोलगट भाग होतो, पुढे सपाट तळाची विस्तीर्ण मैदाने तयार होतात, आणि मध्ये न विरघळता राहिलेला खडक टेकड्या किंवा मनोऱ्यांच्या रूपात उभा राहतो. चीनमधील ग्विलिनचे सुळके असे उरलेले आहेत. प्रत्येक प्रदेश या सगळ्या पायऱ्या क्रमाने चढतोच असे नाही. खडकाची जाडी, पाऊस, भूकवचाचे उचलणे आणि खालच्या नदीची पातळी यांनुसार प्रवास मध्येच थांबतो किंवा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. जवळ जाऊन पाहायचे असेल तर आंध्र प्रदेशातील बेलम गुहा पाहाव्यात. सपाट शेतजमिनीत विहिरीसारखी तोंडे आहेत आणि त्यांतून उतरल्यावर खाली 3229 मीटर लांबीचे, पाण्याने गुळगुळीत केलेले बोगदे आहेत. विद्यार्थ्यांना घेऊन गेलात तर पुस्तकातला हा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही.

आता आपला मराठवाडा. आपल्या पायाखाली सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत, एकावर एक. किल्लारीच्या भागात 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर संशोधनासाठी जी 617 मीटर खोल विंधन विहीर घेतली, तिच्यात 338 मीटर बेसाल्ट, म्हणजे हाच लाव्हाचा खडक, लागला, त्याखाली जेमतेम आठ मीटर जुना गाळाचा थर आणि मग थेट अतिप्राचीन कठीण खडक. देगलूर-बिलोलीकडे अशाच प्राचीन खडकांतला ग्रॅनाइट उघडा पडलेला दिसतो. जाड चुनखडक पाहायचा तर आपल्या सीमेपलीकडे, पैनगंगेच्या खोऱ्यात वणी-मुकुटबन किंवा आदिलाबादकडे जावे लागते.

बेसाल्टवरही पावसाचे तेच सौम्य आम्ल काम करते, मग त्यात गुहा का होत नाहीत? चुनखडक विरघळतो तेव्हा जवळजवळ सगळाच पाण्यात जातो आणि जागा रिकामी करून जातो. बेसाल्ट विरघळून जात नाही, कुजतो. त्यातले काही क्षार पाण्यात जातात आणि बाकीचा खडक चिकणमाती होऊन जागेवरच राहतो. ती माती फट मोठी करण्याऐवजी बुजवते. विहीर खोदणारे ज्याला मुरूम म्हणतात तो या कुजण्याचाच मधला टप्पा आहे आणि आपली काळी माती हे त्याचे शेवटचे रूप. वेरूळ-अजिंठ्याला माणसाला छिन्नीने लेणी कोरावी लागली. पाण्याने तिथे आयत्या गुहा कोरून ठेवल्या नव्हत्या.

आपण आम्ल टाकून पाहिलेत, याचे मला फार कौतुक वाटते. निरीक्षण बरोबर आहे, अर्थ मात्र उलटा आहे. तो चुनखडीचा थर, ज्याला कंकर म्हणतात, विरघळण्याचा नसून साठण्याचा पुरावा आहे. बेसाल्टमधून सुटलेले कॅल्शियम पाण्याबरोबर मातीत येते, आपल्या कोरड्या हवेत पाणी उडून जाते आणि चुना खड्यांच्या रूपात मागे राहतो. बोटाच्या पेरापासून लिंबापर्यंत आकाराचे हे खडे मातीत सुटे विखुरलेले असतात. त्यांत बोगदा होऊ शकत नाही.

आवाजांचे कारणही पोकळी नव्हे. हिंगोली-वसमत भागात लहान भूकंप होत असतात. 2024 च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. उथळ केंद्राचा अगदी बारीक धक्काही कठीण, सलग खडकातून वर येताना हवेत गडगडाट किंवा स्फोटासारखा आवाज उमटवतो. घरांच्या सुरक्षिततेची काळजी त्यासाठी जरूर घ्यावी, पण खड्ड्याशी त्याचा संबंध जोडू नये.

मग आपल्या खड्ड्यातली माती गेली कुठे? माझ्या अनुभवात मराठवाड्यातील अशा खड्ड्यांची दोन उत्तरे वारंवार निघाली. पहिले, माती माणसानेच केलेल्या जुन्या पोकळीत गेली. बीड जिल्ह्यातील एका गावात आम्ही वाड्यामागच्या अशाच खड्ड्याभोवती अर्धा दिवस मोजमाप करत होतो. घरातल्या सर्वांत वयस्कर आजी काठी टेकत आल्या, खड्ड्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “इथं आमच्या मामंजींचं पेव व्हतं. बहात्तरच्या दुष्काळात शेवटची जवारी काढली, मग कुणी उघडलंच न्हाई.” खाली उतरलेल्या मुलाला तळाशी कडब्याचे काळे पडलेले अस्तर सापडले. बुजवलेले आड आणि नुसती फरशी टाकून झाकलेल्या विहिरीही असाच दगा देतात.

दुसरे उत्तर अधिक फसवे आहे, आणि आपल्या पत्रात खड्डा नाल्यापासून शंभर फुटांवर असल्याचा व दोन वर्षांपूर्वी त्या नाल्याचे खोलीकरण झाल्याचा उल्लेख आहे म्हणून माझा संशय त्याच्यावर आहे. काळी माती उन्हाळ्यात हातभर, कधी पुरुषभर खोल भेगाळते. वळवाचे पाणी त्या भेगांतून उतरते आणि माती व मुरूम यांच्या सांध्यावरून नाल्याकडे सरकते. नाला उथळ असेल तर ते पाणी वाटेत मुरते. तो खोल केला, काठ उभे राहिले, की त्या पाण्याला काठातून बाहेर पडायला वाट मिळते आणि ते बारीक माती बरोबर नेऊ लागते. काठाशी सुरू झालेले बीळ शेताच्या दिशेने मागे मागे वाढते. जालना जिल्ह्यातील एका शेतात मी खड्ड्यात रंग मिसळलेल्या पाण्याचे दोन ड्रम ओतले. वीस मिनिटांनी नाल्याच्या काठावर, तळापासून गुडघाभर उंचीच्या एका उंदराच्या बिळासारख्या छिद्रातून ते लालसर पाणी ठिबकू लागले. ग्वाटेमाला शहरात 2010 मध्ये पडलेला आणि जगभर सिंकहोल म्हणून गाजलेला खड्डासुद्धा चुनखडकातला नव्हता. ज्वालामुखीच्या सैल राखेतून पाण्याने माती वाहून नेल्याने तो पडला होता.

आता करायचे ते असे. खड्ड्याच्या काठावर कोणालाही उभे राहू देऊ नका. पोट तोंडापेक्षा रुंद आहे, म्हणजे काठ अधांतरी आहे. कडेपासून किमान खोलीइतके, म्हणजे बारा फूट अंतर सोडून काटेरी कुंपण घाला आणि बैल, ट्रॅक्टर त्या बाजूला नेऊ नका. वरून येणारे पाणी आजच बांध घालून दुसरीकडे वळवा. गावातील जुन्या माणसांना तिथे कधी पेव, आड किंवा वस्ती होती का ते विचारा. नंतर नाल्याचा तो सगळा काठ पायी चालून पाहा. छिद्र, त्याखाली साचलेला बारीक गाळाचा पंखा किंवा ओलसर पट्टा दिसला तर तिथे खूण करा.

नुसती माती ढकलून खड्डा बुजवू नका, पुढच्या पावसात ती त्याच वाटेने जाईल. आधी पोकळ काठ यंत्राने लांबून पाडून उतार द्या. तळाशी मोठे दगड, त्यावर लहान दगड, मग खडी, मग मुरूम आणि सर्वांत वर दाबून बसवलेली माती, असा क्रम ठेवा. पाणी निघेल पण माती अडेल. नाल्याकाठच्या छिद्रावरही आधी खडी आणि तिच्यावर दगड असा उलट क्रमाचा थर लावा. ते सिमेंटने बंद केले तर आत कोंडलेले पाणी दुसरीकडे वाट काढील. हे करण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातील भूवैज्ञानिकांना जागा दाखवावी.

नाल्याकाठी छिद्र सापडले नाही आणि पेवाचीही आठवण निघाली नाही, तर खड्ड्याभोवती दहा-दहा फुटांवर खुंट्या ठोकून त्यांना आडवी दोरी ताणा आणि दोरीपासून जमिनीचे अंतर दर आठवड्याला विद्यार्थ्यांकडून वहीत लिहून घ्या. शेजारच्या विहिरीचे पाणी पावसानंतर अचानक गढूळ होते का, हेही त्याच वहीत नोंदवा. ती नोंद आणि खड्ड्याच्या आतल्या भिंतीची, खुंटीवर फूटपट्टी बांधून लांबून काढलेली छायाचित्रे मला पाठवा. कोणत्या बाजूची जमीन आधी बसते यावरून माती कोणत्या दिशेने निघाली आहे ते मी सांगू शकेन.